कोणी न ऐकलेले अल्बम: खरंच चांगले, की नुसतेच न ऐकलेले?

बी_साइड

एखादं गाणं आवडलं की अ‍ॅप त्याच्यासारखी आणखी ढीगभर गाणी समोर ओततं. अख्खा अल्बम मात्र सहसा सुचवत नाही. सुचवलाच तर ज्याचं नाव सगळ्यांना आधीच पाठ आहे तोच. म्हणून हा धागा. निघाला तेव्हा कोणी विचारलं नाही, पण पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकावा, असा अल्बम सांगा.

अटी दोनच. एका गाण्याच्या जिवावर अख्खा अल्बम खपवू नका. आणि तो मागे का पडला तेही सांगा. "लोकांना कळतच नाही" हे कारण चालणार नाही.

माझ्याकडून सुरुवात: झॉम्बीजचा 'ओडिसी अँड ओरॅकल', १९६८. बरंचसं रेकॉर्डिंग लंडनच्या अ‍ॅबी रोडला झालं. स्टिरिओ मिक्सचा खर्च बँडमधल्या रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून केला. मुखपृष्ठावर 'ओडिसी'चं स्पेलिंगच चुकलेलं. आणि अल्बम बाजारात येईपर्यंत बँड फुटला होता. १९६९ मध्ये त्यातलं शेवटचं गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा ते वाजवत फिरायला बँडच शिल्लक नव्हता.

आता प्रश्न. असे अल्बम तुम्ही शोधता कसे? आणि पहिल्यांदा ऐकून काहीच वाटलं नाही, तर दुसरी संधी देता का?

निर्वात

रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

ढोबळे

काडी टाकतो. दुर्लक्षित अल्बम बहुतेक वेळा दुर्लक्षित राहायच्याच लायकीचे असतात. शंभर बुडतात, त्यातला एखादा कोणीतरी वर काढतो आणि मग "बघा, जगाचं लक्षच नव्हतं" अशी गोष्ट तयार होते. उरलेले बुडालेत ते रटाळ आहेत म्हणून. त्यांचा धागा कोणी काढत नाही.

अस्ताई

ढोबळे, मग बिग स्टारच्या 'नंबर वन रेकॉर्ड'चं काय करायचं? १९७२ चा अल्बम. समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. वितरण होतं स्टॅक्सकडे. सोल संगीतातली ती मातब्बर कंपनी, पण हे गिटारवालं पॉप दुकानांपर्यंत पोचवणं तिला जमलं नाही. पुढे वितरण कोलंबियाकडे गेलं, तिथेही घोळच. परीक्षण वाचून दुकानात गेलेल्या माणसाला रेकॉर्डच मिळत नव्हती. यात रटाळपणा कुठे आला?

ढोबळे

वितरण वाईट होतं, मान्य. पण वितरण वाईट असल्याने अल्बम चांगला ठरत नाही.

अस्ताई

ऐकलाय का?

ढोबळे

अर्धा.

अस्ताई

दंडवत.

मोरपंखी

या धाग्यावर रॉड्रिगेझ नाही म्हणजे काय! 'कोल्ड फॅक्ट', १९७०. अमेरिकेत साफ आपटला. पुढच्या वर्षी दुसरा अल्बम आला, तोही गेला, आणि रॉड्रिगेझ डेट्रॉइटमध्ये अंगमेहनतीची कामं करत राहिला. तिकडे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात हाच अल्बम घराघरांत वाजत होता आणि याला त्याचा पत्ताच नाही. १९९८ मध्ये तिथे गेला तर सभागृहं तुडुंब. त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं. जगाने ओवाळून टाकलेला माणूस एका रात्रीत राजा झाला.

पावकी

मोरपंखी, गोष्ट छान आहे, पण ऑस्ट्रेलिया राहिला. तिथेही त्याचा मोठा चाहतावर्ग होता आणि १९७९ व १९८१ मध्ये त्याने तिथे दौरे केले होते. म्हणजे आपली गाणी कुठेतरी ऐकली जातात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. माहितीपटात हे दौरे गाळले आहेत, कारण ते ठेवले असते तर गोष्टीतली हवाच गेली असती.

माझा मुद्दा असा की दुर्लक्ष कोणाचं, हे आधी विचारायला हवं. लाखो दक्षिण आफ्रिकी श्रोत्यांच्या घरी असलेला अल्बम 'कोणी न ऐकलेला' कसा? अमेरिका आणि इंग्लंडने ऐकला नाही की जगाने ऐकला नाही, असा हिशेब आपणही निमूटपणे मान्य करून टाकतो.

मोरपंखी

ऑस्ट्रेलियाचं असेल. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी परत घेणार नाही.

कानसेन

बी_साइड यांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण बाकीचे भांडणात रमलेत.

शोधायची माझी पद्धत जुनी आहे. कव्हर उलटं करायचं आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. गायकाच्या मागे लागू नये. तो सगळ्यांनाच दिसतो. बास कोणी वाजवलाय, ध्वनिमुद्रक कोण, ते बघायचं. एकच माणूस घेऊ: डॅनी थॉम्पसन, डबल बास. निक ड्रेकच्या १९६९ च्या 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'वर हा आहे. त्याचं बोट धरून गेलात की १९७३ चा जॉन मार्टिनचा 'सॉलिड एअर' लागतो. त्याचं शीर्षकगीत मार्टिनने निक ड्रेकलाच उद्देशून लिहिलेलं. आणखी पुढे गेलात तर केट बुशचा 'द ड्रीमिंग', १९८२. आणि मग एकदम १९८८ चा टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन'.

हा शेवटचा माझा उमेदवार. टॉक टॉक हा नाचायची गाणी देणारा, हिट असलेला बँड. कंपनीला वाटलं आणखी तसलंच काहीतरी येईल. यांनी महिनोन्‌महिने अंधाऱ्या स्टुडिओत बसून वेगवेगळ्या वादकांकडून मोकळं वादन करून घेतलं, त्यातले तुकडे वेचले आणि जुळवले. रेडिओवर वाजवण्याजोगं त्यात काही नाही. कंपनी हबकली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आज नंतरच्या कितीतरी बँडांच्या बोलण्यात हा अल्बम येतो. पहिली काही मिनिटं जवळजवळ काहीच घडत नाही. तिथे कंटाळून सोडणारे पुष्कळ.

ढोबळे

पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. माझा मुद्दा कानसेनकाकांनीच सिद्ध केला.

कानसेन

अरे, विलंबित ख्यालातही पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही. तिथे मान डोलावतोस ना?

ढोबळे

तिथे आजूबाजूचे डोलावतात म्हणून.

निर्वात

हसून हसून पुरेवाट.

लेझीम

कानसेन, ही बास वादकाची साखळी लिहून ठेवली आहे. मी गायकाच्याच मागे जात होते आणि तिसऱ्या अल्बमला गाडी अडायची.

सगळं इंग्रजीच का पण? मी 'ऋतु हिरवा' सुचवते. आशाताई, श्रीधर फडके.

अस्ताई

लेझीमताई, 'ऋतु हिरवा' दुर्लक्षित असेल तर मी तानसेन. ज्यांना भावगीतं आवडतात त्यांना तो पाठ आहे.

लेझीम

एका गाण्यापुरता पाठ आहे. बाकीची म्हणून दाखवा.

अस्ताई

...

बी_साइड

लेझीम यांचा मुद्दा अटींत बसतो! एक गाणं गाजलं आणि त्याने बाकीचा अल्बम झाकून टाकला, हेही दुर्लक्षच. झॉम्बीजचंही तेच झालंय. बहुतेकांना फक्त ते शेवटचं गाणं माहीत असतं.

रात्रपाळी

भारतीय हवंय ना, मग घ्या. चरणजित सिंग, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा वादक. रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. तबल्याच्या जागी ड्रम मशीन, वर राग. पार विस्मरणात गेला होता. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढला आणि जगाचे डोळे विस्फारले, कारण शिकागोत ज्याला अ‍ॅसिड हाउस म्हणतात त्या यांत्रिक नृत्यसंगीताची पहिली गाजलेली रेकॉर्ड १९८७ ची. म्हणजे अ‍ॅसिड हाउसचा जनक आपला माणूस! काहींना तर ही बनवाबनवीच वाटली होती, कोणा आधुनिक संगीतकाराने जुन्या नावाने खपवलेली.

पावकी

रात्रपाळी, अल्बम जबरदस्त आहे. 'जनक' मात्र मागे घ्या. शिकागोतल्या पोरांनी हा ऐकला होता असं कुठेच दिसत नाही. आधी करणं वेगळं, ज्याच्यापासून पुढचे शिकले तो असणं वेगळं. त्यांनी तेच ३०३ घेतलं, त्याची बटणं भलतीकडे पिळली आणि त्यातून तो चिवचिवाट काढला. मुळात ते यंत्र बास गिटारला पर्याय म्हणून काढलेलं. बासचा आवाज काही त्यातून नीट येईना, ते चाललं नाही आणि काही वर्षांत बंदही पडलं, म्हणून तर त्या पोरांच्या हाती स्वस्तात लागलं. चरणजित सिंगांनी त्यातून रागातले स्वर काढले, कारण बास वाजवणाऱ्या आणि मींड कानात असलेल्या माणसाला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती सोय लगेच उपयोगी वाटणारच. दोन्ही शोध खरे आहेत. ओढूनताणून नातं लावायची गरज नाही.

रात्रपाळी

जनक नाही तर काका म्हणू. पण काका आधी जन्मले, एवढं तरी लिहा.

झांज

याच्याच पाठोपाठ रूपा यांचा 'डिस्को जॅझ' ऐका. हाही १९८२ चाच. रेकॉर्डिंग कॅनडात, गाणी बंगालीत, सरोदवर आशिष खाँ. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. इतक्या वर्षांनी त्यातलं एक गाणं यूट्यूबवर पसरलं आणि २०१९ मध्ये अल्बम रीतसर पुन्हा निघाला.

निर्वात

रात्रीचं कबूल केलं होतं, लिहितो.

वर सगळे 'यूट्यूबवर पसरलं' म्हणतात, त्याबद्दल. मिदोरी ताकादा या जपानी तालवादिकेचा 'थ्रू द लुकिंग ग्लास', १९८३. मरिम्बा, घंटा, ओकारिना असलं सगळं एकटीने वाजवलेलं. निघाला तेव्हा मोजक्यांनीच ऐकला. पुढे कोणीतरी तो यूट्यूबवर टाकला आणि तिथल्या गाणी सुचवणाऱ्या यंत्राने तो लोकांच्या पुढ्यात वाढायला सुरुवात केली. का, ते त्या यंत्रालाच ठाऊक. २०१७ मध्ये तो पुन्हा निघाला. म्हणजे बी_साइडने पहिल्याच ओळीत ज्याला नावं ठेवली, त्या यंत्रानेच हा वर काढला.

पण एक बघा. यंत्राने असे कोणते वर काढले? संथ, कामाच्या मागे वाजत राहिले तरी चालतील असे. ते लागल्यावर कोणी उठून बंद करत नाही. शॅग्ज ते कधीच वर काढणार नाही.

मोरपंखी

शॅग्ज कोण?

निर्वात

मोरपंखी, बसा.

न्यू हॅम्पशायरच्या विगिन बहिणी. वडिलांच्या आईने हात पाहून सांगितलं होतं म्हणे, की तुझ्या मुलींचा बँड होईल. आधीची भाकितं खरी ठरली होती, म्हणून वडिलांनी मुलींच्या हातात वाद्यं दिली, शाळा सोडवली आणि सराव करून घेतला. १९६९ मध्ये 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड'. ड्रम एका गाण्यात, गिटार दुसऱ्या, गाणाऱ्या तिसऱ्याच. पण ऐकत राहिलं की कळतं, त्यांचं आपसांत काहीतरी ठरलेलं आहे. तीच 'चूक' तिथेच पुन्हा येते. १९८० मध्ये पुन्हा निघाला आणि तेव्हापासून लोक भांडताहेत.

ढोबळे

आत्ता ऐकला. दोन गाणी. निर्वात, माझ्या कानांची भरपाई कोण देणार?

अस्ताई

इथे मात्र मी ढोबळेंच्या बाजूने. शॅग्जबद्दल एक गोष्ट खटकते. मुलींनी हे मागितलं नव्हतं. बापाच्या हट्टापायी त्या उभ्या राहिल्या, आणि आता आपण जाणते लोक त्यांना 'निरागस प्रतिभा' म्हणून मिरवतो. कितीतरी जण हे हसण्यासाठीच ऐकतात आणि वर त्याला दर्दीपणा म्हणतात.

निर्वात

हसण्यासाठी ऐकणारे आहेतच. मी त्यातला नाही. त्या गाण्यांमध्ये आईबाप, हरवलेलं मांजर, आपलं सोडून दुसऱ्याचंच हवंसं वाटणं, असले विषय आहेत. चांगलं गाता येणाऱ्या एखाद्याने ती गायली असती तर कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

अस्ताई

पटलं नाही. पण लिहिलंय छान.

सुईच्या_टोकावर

एका तांत्रिक गोष्टीकडे कोणीच वळलं नाही. अल्बम सलग ऐकायचा म्हणता, तर तो जुळवलाय कसा तेही बघा. एलपीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटं नीट मावतात. सुई मधल्या भागाकडे सरकते तसा एका फेरीत कापला जाणारा पन्हळीचा मार्ग आखूड होतो आणि वरच्या पट्टीतले आवाज फाटायला लागतात. म्हणून पुष्कळदा दणकट गाणी बाजूच्या सुरुवातीला ठेवायचे आणि शांत गाणी शेवटी. आपल्याला भावनिक उतार वाटतो तो काही वेळा सुईची सोय असतो. सीडी आली, ७४ मिनिटं मोकळी झाली आणि लोकांनी ती भरूनही टाकली. चांगल्या अल्बमांचं तिथे नुकसानच झालं.

तेव्हा जुना अल्बम ऐकताना पहिली बाजू संपते तिथे थांबा. उठा, पाणी प्या, मग पुढची लावा. निक ड्रेकचा 'पिंक मून' तर दोन्ही बाजू मिळून २८ मिनिटांचा आहे. आवाज, गिटार आणि एका गाण्यात वरून टाकलेला जरासा पियानो. दोन रात्रींत रेकॉर्ड केलेला. १९७२ मध्ये तो खपला नाही. १९७४ मध्ये निक ड्रेक २६ व्या वर्षी गेला. १९९९ मध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरलं गेलं आणि विक्री एकदम उसळली.

पावकी

आणि आता हिशेबाची दुसरी बाजू. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. या धाग्यातल्या अल्बमांसारखे जे आज निघत असतील, त्यातली बरीचशी गाणी या रेषेच्या खालीच. पूर्वी रेकॉर्ड निदान कोणाच्या माळ्यावर तरी पडून राहायची.

ढोबळे

ठीक, आता गंभीरपणे लिहितो. वर सांगितलेली कारणं एकत्र मांडून पाहिली. बँड फुटला, वितरण बसलं, कंपनी हबकली, देश चुकला, गाजलेल्या गाण्याने बाकीचं झाकलं. यात 'अल्बम वाईट होता' हे कारण एकदाही नाही. शॅग्ज वगळून. तेव्हा माझं 'लायकीचे' हे विधान मी 'बहुतेक'वरून 'काही' वर आणतो. त्यापलीकडे हलणार नाही. कारण इथे प्रत्येकाने आपला आवडता आणला आहे. पाच मिनिटांत बंद केलेला एकही अल्बम कोणी आणलेला नाही.

आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम फार थोड्यांनी घेतला पण घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला, हे संगीतकार ब्रायन इनोसाहेबांचं वाक्य कोणी टाकायच्या आत मीच टाकतो. घ्या, विषय मिटवा.

लेझीम

मी अगदी तेच टाईप करत होते. :(

झांज

ढोबळेंच्या यादीत एक कारण राहिलं: अल्बम निघालाच नव्हता. सिबिल बायर. १९७० ते १९७३ दरम्यान घरी टेपवर गाणी रेकॉर्ड केली. कंपनी नाही, कार्यक्रम नाहीत, संसारात रमली. कितीतरी वर्षांनी मुलाने त्या टेपवरून घरच्यांसाठी सीड्या केल्या. त्यातली एक फिरत फिरत एका छोट्या कंपनीकडे गेली आणि २००६ मध्ये 'कलर ग्रीन' आला. इथे दुर्लक्ष झालं असं तरी कसं म्हणणार? तिने कोणाचं लक्ष मागितलंच नव्हतं. ऐकताना कधीकधी वाटतं, आपण दार न वाजवता आत शिरलोय.

कानसेन

झांज, हे उत्तम. यावर स्वतंत्र धागा निघेल. नायजेरियाचे विल्यम ओन्येयाबोर आठवले. सिंथेसायझरवरची त्यांची गाणी २०१३ मध्ये संकलन म्हणून जगभर गाजली आणि मुलाखतीला लोक रांगा लावून उभे. हे धर्माकडे वळलेले, त्या जुन्या दिवसांबद्दल बोलायलाच तयार नव्हते. शोध लागणं ही प्रत्येकाला बक्षिसी वाटतेच असं नाही.

बी_साइड

प्रतिसादांबद्दल आभार. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावलेला नाही. पहिल्यांदा ऐकून काहीच वाटलं नाही तर?

सुईच्या_टोकावर

दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. पहिल्या बाजूवर कंपनीची मर्जी राखलेली असते, मनातलं पुष्कळदा दुसरीवर सापडतं.

पावकी

काहीच वाटलं नाही तर सोडून देते. राग आला तर मात्र परत ऐकते.

निर्वात

पावकी +१. शॅग्जचा मला पहिल्यांदा रागच आला होता.

ढोबळे

मग मला अजून दोन-तीनदा ऐकावा लागणार असं दिसतंय. नको रे देवा.

मोरपंखी

मी आज 'स्पिरिट ऑफ ईडन' लावला होता. कानसेनकाका, ते "काहीच घडत नाही" म्हणता ते नक्की कुठपर्यंत? सहाव्या मिनिटाला आहे, अजून वाट बघतेय.

कानसेन

हेडफोन लाव. आणि इथे टाईप करणं थांबव.